गोरेगावाहून गोरेगावास

महाराष्ट्रात गोरेगाव या नावाची गावे एकाहून अधिक आहेत. एक गोंदिया जिल्ह्यात तालुक्याचे ठिकाण आहे, एक रायगड जिल्ह्यात माणगावच्या बाजूस आहे, एक मुंबईचे उपनगर म्हणून सर्वतोमुखी झालेले आहे, आणि एक आमचे, हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्याचे. प्रवासात कोणी गाव विचारले व आम्ही गोरेगाव म्हटले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "पूर्व की पश्चिम?" आमच्या गोरेगावासही पूर्व व पश्चिम या दिशा आहेत, परंतु त्यांच्यामधून आगगाडी जात नाही, आणि समुद्र तर सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरांहून दूर आहे.

2025 च्या दिवाळीच्या सुटीत हे दुसरे गोरेगाव व ज्या महानगराचे ते अंग आहे ते महानगर पाहण्याचा योग आम्हांस आला. हिंगोलीस आगगाडी धरून पूर्णा, परभणी, जालना, मनमाड अशी मजल करीत आम्ही दादरास उतरलो. मंडळींत आमचे वृद्ध काका, दोघी सुना, व सात ते पंधरा वर्षांची चार मुले होती. मुंबईत पाहावयाचे काय याविषयी घरात मतभेद होते. सुनांस बाजार पाहावयाचा होता, काकांस महालक्ष्मीचे दर्शन घ्यावयाचे होते. मुलांनी मात्र एक निराळाच प्रश्न काढला. जेथे माणसास उभे राहावयास जागा नाही, तेथे मुले खेळतात तरी कोठे? प्रश्न इतका सयुक्तिक होता, की पुढील आठ दिवस आम्ही त्याचेच उत्तर शोधीत फिरलो. जे पाहिले व त्यावरून जे मनात आले, ते वाचकांस सादर करीत आहो.

प्रथम हवेविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण मुंबईचे सारे खेळणे-फिरणे हवेच्या हुकमतीखाली चालते. वैशाखात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, परंतु ती धग कोरडी असते. घाम येतो व वाळतो, आणि वाळताना अंगाची उष्णता घेऊन जातो. मुंबईत पारा तितका चढत नाही, तरी दमट हवेत घाम वाळतच नाही. तो नुसता निथळतो व अंगातील ताप अंगातच राहतो. म्हणून उन्हात तासभर सहज नांगर धरणारा आमच्याकडील गडी तेथे पाव तासाच्या धावण्याने थकला, तर त्यात त्याच्या बळाचा दोष नाही. या अडचणीवर मुंबईकरांनी उपाय काढला तो घड्याळाचा. पहाटे पाचपासून आठपर्यंत, आणि सायंकाळी खारा वारा सुटल्यावर दिवे लागून गेल्यानंतरही, अशा दोन वेळा त्यांनी व्यायामास वाहिल्या आहेत. 2004 साली सुरू झालेली व दर वर्षी जानेवारीत भरणारी तेथील प्रसिद्ध मॅरेथॉन शर्यतदेखील त्यातल्या त्यात थंड महिना पाहून व उजाडण्यापूर्वीच सुरू करण्यात येते. दुपारी बारा वाजता लहान मुलांस चौपाटीवर नेणाऱ्या पाहुण्यांनी हे ध्यानात ठेवावे. पाण्याची बाटली, लिंबाचे सरबत व सुती कपडे ही तेथे चैन नव्हे, गरज आहे.

पहिल्या पहाटे आम्ही मरीन ड्राइव्हवर गेलो. समुद्र मागे हटवून काढलेल्या जमिनीच्या कडेने बांधलेला हा सुमारे साडेतीन किलोमीटरांचा वळणदार रस्ता, व त्याच्या काठास रुंद फरसबंदी. सूर्योदयापूर्वीच तेथे जी वर्दळ होती, ती पाहून काका म्हणाले, "आज एकादशी आहे की काय?" कोणी धावत होते, कोणी भरभर चालत होते. एक आजीबाई नऊवारी लुगड्यावर पांढरे बूट घालून अशा झपाट्याने चालल्या होत्या, की आमच्या सुनांस त्यांच्याबरोबर राहवेना. तेथे कोणी कोणाकडे पाहत नाही. आमच्याकडे एखादी सासुरवाशीण सकाळी नुसती फिरावयास निघाली, तर चार घरांच्या खिडक्या उघडतात. या बाबतीत गर्दीही कधी कधी पडद्याचे काम करते, हे आम्हांस तेथे प्रथमच कळले.

तेथून गिरगावची चौपाटी. 1 ऑगस्ट 1920 रोजी लोकमान्य टिळक निवर्तले व याच वाळूवर त्यांचा अंत्यविधी झाला. तेथील पुतळ्यापुढे आम्ही सर्वांनी हात जोडले. मुलांचे लक्ष मात्र लाटांकडे. समुद्र पाहिल्याबरोबर पोहावयास उतरावयाचे, अशी त्यांची समजूत होती. परंतु मुंबईचा किनारा हा पोहण्याचा किनारा नव्हे. पाणी स्वच्छ नाही, तळ सारखा नाही, भरती-ओहोटीची ओढ नवख्यास कळत नाही, व पावसाळ्यात तर दर वर्षी तरुण मुले बुडाल्याच्या वार्ता येतात. ज्यांस खरोखर पोहावयाचे, ते तलावांकडे जातात. दादरास समुद्रापासून हाकेच्या अंतरावर महापालिकेचा महात्मा गांधी जलतरण तलाव आहे, हे ऐकून आमच्या मुलांस फार मौज वाटली. त्यांना पोहणे शिकविले आहे ते विहिरीने. पाठीस वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून, वरून ढकलून दिले, की चार दिवसांत पोरगा तरतो. समुद्राकाठच्या कित्येक मुलांस पोहता येत नाही व समुद्र न पाहिलेल्या आमच्या मुलांस येते. ज्याच्या दारी जे असते त्याचा उपयोग त्याला होतोच असे नाही, एवढाच याचा अर्थ.

दुसऱ्या दिवशी मैदाने. बोरीबंदरासमोरचे आझाद मैदान पाहून मुले थक्क झाली. एकाच मैदानावर बावीस खेळपट्ट्या! शेजारी शेजारी इतके सामने चाललेले, की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाशेजारी उभा. चेंडू आला तर तो आपला की परका, हे ओळखण्याचे एक निराळेच शास्त्र तेथील मुलांस अवगत असते. येथेच फेब्रुवारी 1988 मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी या शाळकरी मुलांनी शारदाश्रमाकडून 664 धावांची अभंग भागी केली. ही ढाल 1897 पासून शाळांसाठी चालू आहे. पावसाळ्यात खेळ बंद राहू नये म्हणून 1948 साली कांगा लीग सुरू झाली. वाढलेल्या गवतात चेंडू हरपतो, खेळपट्टी निसरडी असते, चेंडू कधी उसळतो तर कधी घसरतो, व अशा परीक्षेतून जो फलंदाज निघाला तो कोठेही उभा राहतो, असे तेथील जाणते सांगतात. अडचणीचाच आखाडा करावयाचा ही मुंबईची हातोटी आहे.

आमच्या सात वर्षांच्या नातीने विचारले, "आजोबा, इथे खेळायला तिकीट लागतं का?" आम्ही म्हटले, "नाही ग बाळ, हे सर्वांचं आहे." उत्तर खरे होते, परंतु ते फुकट मिळालेले नाही, आणि ते कसे मिळाले याचा इतिहास प्रत्येक घरात मुलांस सांगण्याजोगा आहे.

आझाद, क्रॉस, ओव्हल व कूपरेज ही आज निरनिराळी दिसणारी मैदाने पूर्वी एस्प्लनेड नावाचे एकच विस्तीर्ण पटांगण होते. ते मुलांच्या खेळासाठी राखलेले नव्हते. किल्ल्यावरील तोफांचा मारा निर्वेध व्हावा म्हणून इंग्रजांनी तटाभोवतालची जागा मोकळी ठेवली होती. 1860 नंतरच्या दशकात तट पाडला गेला व पटांगण उरले. त्यावर प्रथम पारशी तरुण, त्यांच्यामागून हिंदू व मुसलमान तरुण क्रिकेट खेळू लागले. परंतु त्याच जागी साहेबलोकांस घोड्यावरून पोलो खेळावयाचा असे. घोड्यांच्या टापांनी खणलेल्या जमिनीवर चेंडू धड उसळेना. शेकडो देशी खेळाडूंनी 1881 साली सरकारकडे अर्ज केला. त्यांचे म्हणणे साधे होते. पोलो खेळणारे थोडे व क्रिकेट खेळणारे पुष्कळ; मग थोड्यांच्या करमणुकीसाठी पुष्कळांचे मैदान का नासावे? हा झगडा कित्येक वर्षे चालला. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी 1897 साली त्यावर पुस्तकच लिहिले. राजकीय हक्कांसाठी सभा भरविण्याची सवय लोकांस नुकतीच लागत होती, अशा काळात खेळण्याच्या जागेसाठी सरकारशी भांडणे हे लहान धैर्य नव्हते.

पुढे समुद्राकाठी जिमखान्यांस जागा मिळाल्या. पारशी जिमखाना 1885 चा, इस्लाम जिमखाना 1892 चा, हिंदू जिमखाना 1894 चा. युरोपियनांचा बॉम्बे जिमखाना त्यापूर्वीच, 1875 साली, निघालेला होता. त्याच्याच मैदानावर डिसेंबर 1933 मध्ये हिंदुस्थानातील पहिला कसोटी सामना झाला व त्यात लाला अमरनाथ यांनी 118 धावा काढल्या. पण या जिमखान्यांची नावे वाचली म्हणजे एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. मैदान मिळाले, पण ते जातीपातींच्या वाफ्यांत विभागून मिळाले. संघही धर्मावर निघत. 1912 पासून चौरंगी व 1937 पासून पंचरंगी सामने भरत. गांधीजींनी 1940 साली या पद्धतीविरुद्ध मत दिले, व 1946 साली ती एकदाची बंद पडली.

याहून बोचणारी कथा बाळू पालवणकर यांची आहे. आमच्यासारख्या घरांत ती फारशी सांगितली जात नाही, म्हणूनच येथे सांगतो. चर्मकार कुळात जन्मलेला हा पुरुष पुण्याच्या साहेबांच्या क्लबात मैदानाची निगा राखीत असे व तेथेच गोलंदाजी शिकला. त्याच्या डावखुऱ्या फिरकीवाचून पुण्याच्या हिंदू संघाचे चालेना, म्हणून त्यास संघात घेतले. पण चहाच्या वेळी इतर खेळाडू आत बसत व त्यास बाहेर, मातीच्या कुल्हडातून, चहा मिळे. चेंडू त्याच्या हातचा चाले, कप मात्र चालत नसे! 1906 साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांस 109 धावांनी हरविले, त्यात या बाळूचा वाटा मोठा होता. 1911 च्या विलायतेच्या दौऱ्यात त्याने 114 बळी घेतले. तथापि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यास कधीच मिळाले नाही. ते 1923 साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल यास मिळाले, आणि त्या वर्षी हिंदू संघ चौरंगीत विजयी झाला. जो अन्याय आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने सहज केला, तो मैदानावर मोडावयास एक पिढी लागली. मैदान हे सर्वांचे आहे असे नातीस सांगताना या वाक्यामागे कोणाकोणाचे दुःख आहे, हेही तिला केव्हातरी सांगितले पाहिजे.

दादरास आमच्या मावसबहिणीचे बिऱ्हाड शिवाजी पार्काच्या मागील गल्लीत आहे, त्यामुळे ते मैदान आम्हांस सकाळ-संध्याकाळ पाहावयास मिळाले. सुमारे 28 एकरांची ही जागा महापालिकेने 1925 साली लोकांसाठी मोकळी केली. तेव्हाचे नाव माहीम पार्क. 1927 साली, छत्रपतींच्या तीनशेव्या जयंतीच्या निमित्ताने, ते शिवाजी पार्क करावे असा आग्रह नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी धरला व तो सफल झाला. गांधीजींचे मराठी चरित्र 1918 साली लिहिणाऱ्या व त्यास लोकमान्यांची प्रस्तावना मिळविणाऱ्या त्या याच अवंतिकाबाई. मराठी माणसाच्या या आवडत्या मैदानास त्याचे नाव एका स्त्रीच्या आग्रहाने मिळाले, ही गोष्ट आमच्या सुनांस विशेष आवडली. 2020 साली त्याचे नाव छत्रपती शिवाजी महाराज पार्क असे विस्तारले.

मैदानाच्या सभोवार बसका दगडी कट्टा आहे. सायंकाळी त्यावर पेन्शनर, नवविवाहित जोडपी, अभ्यासाला कंटाळलेले विद्यार्थी अशी सर्व पिढ्यांची रांग बसते. एकत्र कुटुंबातील ओसरीचे काम शहरात हा कट्टा करतो. आत एका बाजूस क्रिकेटची जाळी आहेत. रमाकांत आचरेकर सरांनी येथेच पिढ्या घडविल्या. दुसऱ्या बाजूस समर्थ व्यायाम मंदिर. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधर यांनी जो मल्लखांब नव्याने नावारूपास आणला, तो येथे मुलगे व मुली सारख्याच सफाईने करतात. मुली दोरीच्या मल्लखांबावर उलट्या लोंबकळून हात सोडतात, तेव्हा पाहणाराचा श्वास अडखळतो. 2019 साली मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच मैदानावर झाली. आमच्या थोरल्या नातीने ते पाहून जवळच्या शिक्षिकेस भीत भीत विचारले, "बाई, मी केलं तर चालेल का?" त्यांनी हसून तिला दोरी हातात दिली. त्या दिवशी तिला दोन हातही वर चढता आले नाही. पण गावी आल्यापासून ती दारच्या लिंबास दोर बांधून मागते आहे.

आमच्या मुक्कामाच्या अखेरीस, 2 नोव्हेंबर रोजी, नव्या मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय मुलींनी दक्षिण आफ्रिकेस हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्या रात्री दादरच्या गल्लीत फटाक्यांची दुसरी दिवाळी झाली. दुसऱ्या सकाळी शिवाजी पार्कावर बॅट घेऊन आलेल्या लहान मुली आम्ही मोजू लागलो व मोजणे सोडून दिले.

या मैदानासही कटकटी आहेतच. सभांसाठी ते द्यावे की खेळासाठी राखावे, हा वाद जुना आहे. 2010 साली उच्च न्यायालयाने तो शांतता-विभाग ठरविला. उन्हाळ्यात धूळ उडून भोवतालच्या घरांत जाते. पण तरीही ते आहे, हेच मोठे. ज्यांना तेवढेही नाही त्यांनी काय केले हे पाहावयाचे तर परळ-लालबागच्या गिरणगावात जावे. गिरण्यांतील कामगारांस अंगण नव्हते, तेव्हा त्यांनी कबड्डी जवळ केली. तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद एवढी जागा, दोन्हीकडे सात सात गडी, आणि साधन म्हणावे तर आपला दम. हाच आमचा हुतुतू. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तो जगास दाखविला, व 2014 पासून प्रो कबड्डीच्या रूपाने तो घरोघर पडद्यावर दिसू लागला. आमची मुले तो पडद्यावर पाहून टाळ्या पिटतात. खेळावयास मात्र उठत नाहीत, अशी आमची तक्रार आहे.

शेवटी आम्ही नामबंधूच्या भेटीस, मुंबईच्या गोरेगावास, गेलो. पश्चिमेस 1972 साली स्थापन झालेल्या प्रबोधन संस्थेचे क्रीडाभवन आहे. पूर्वेस आरे. 1949 साली दुग्धवसाहतीसाठी राखलेले हे रान, त्याच्या मागे सुमारे शंभर चौरस किलोमीटरांचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, व त्यात कान्हेरीची लेणी. छोटा काश्मीर नावाच्या बागेत मुलांनी नावेतून फेरी मारली. आरेत वारली लोकांचे पाडे आहेत. त्यांना हे रान फिरावयाची जागा नव्हे, तर घर आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रो रेल्वेच्या कारशेडसाठी येथील दोन हजारांहून अधिक झाडे रातोरात तोडली गेली, तेव्हा शहरातील तरुण मंडळी अंधारात धावून गेली. रेल्वेही लोकांसाठीच होती हे खरे; परंतु मोकळी जागा ही कोणाची नाही, म्हणून प्रथम तिचाच बळी द्यावा, ही रीत खरी नव्हे. एस्प्लनेडवरील पोलोपासून आरेतील झाडांपर्यंत भांडण एकच आहे.

आता आमच्या गोरेगावाविषयी. आम्हांस मोकळ्या जागेचे दारिद्र्य नाही. गावाबाहेर गायरान आहे, नदी-नाल्यांचे काठ आहेत, शाळेपुढे पटांगण आहे. विटीदांडू, लगोरी, सूरपारंबी, आट्यापाट्या ही नावे काकांच्या जिभेवर आहेत, परंतु मुलांच्या पायांत नाहीत. स्त्रियांचे झिम्मा-फुगडीचे खेळ, ज्यांत खरोखरीचा दमसास लागतो, ते मंगळागौरीच्या एका रात्रीपुरते उरले. मुंबईकर वीतभर जागेसाठी भांडतो, आणि आम्ही एकरांनी असलेली जागा प्रथम उकिरड्यास, मग टपऱ्यांस, मग बांधकामास जाऊ देतो व पुढे हळहळतो. जी जागा रोज वापरात आहे तिच्यावर हात टाकावयास कोणी धजत नाही. जी ओस पडली ती गेली म्हणून समजावे. मैदानाचे खरे कुंपण तारेचे नसून त्यावर रोज पडणाऱ्या पावलांचे असते.

म्हणून मोठमोठ्या योजना न सुचविता घरच्या वडीलधाऱ्यांस आम्ही एवढेच विनवितो. आपल्या गावचे पटांगण कागदोपत्री कोणाच्या नावे आहे, हे एकदा ग्रामपंचायतीत जाऊन पाहून यावे. सायंकाळी तासभर घरातील मुलांबरोबर मुलींसही, व जमल्यास सुनांसही, तेथे पाठवावे, आणि आपणही काठी टेकीत जाऊन कडेस बसावे. तेथे येणाऱ्या मुलाचे आडनाव विचारू नये. आणि खेळून आल्यावर सर्व मुलांस एकाच माठातील पाणी, एकाच तऱ्हेच्या पेल्यातून, द्यावे. बाळू पालवणकरांस जे मिळाले नाही, ते आपल्या ओसरीवर आज देता येण्यासारखे आहे, व त्यास खर्च काहीच नाही.